अखंड कानांच्या शेळ्या

सागदरी तांड्यावर शेळ्यांच्या पिलांना मावा होतो. २०२२ साली तो मार्चच्या अखेरीस आला, २०२३ साली मार्चच्या मध्यावर, २०२४ साली मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि २०२५ साली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

मावा हा देवीच्या कुळातला रोग. पिलाच्या ओठांवर आणि नाकपुड्यांभोवती पुरळ उठते, त्यावर काळपट खपल्या धरतात, तोंड सुजते. रोग स्वतः क्वचितच मारतो. पिलू मरते ते भुकेने, कारण फुटलेल्या ओठांनी त्याला आचळ धरता येत नाही. धरलेच, तर खपली आईच्या सडाला लागते, तिथे फोड येतो आणि मग आईच पिलाला लाथ मारते. अशी मेलेली पिले दरवर्षी तांड्यामागच्या खड्ड्यात पुरली जात, आणि ती पुरताना जवळा बाजारच्या पशुवैद्यक डॉ. संध्या खिल्लारे तिथे उभी असे. येण्यासारखे दुसरे काही उरलेले नसले तरी ती येई. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, एवढा एकच नेम तिने आयुष्यात पाळला होता.

२०२५च्या होळीला तांड्याचे नायक भावसिंग यांनी सर्वांना बसवून ठरवून टाकले होते: आणखी एक वर्ष. पुढच्या साली मावा आला, तर सगळ्यांनी शेळ्या विकायच्या आणि तो धंदाच बंद करायचा. वर संध्येकडे पाहून ते म्हणाले होते, "डॉक्टरीण बाई, तुमचा चुना बी लावून झाला, आमची देवी बी पुजून झाली. कुणाचंच काही चाललं न्हाई."

हा निर्णय सर्वांत जड कोणाला गेला असेल, तर रुख्मिणीबाईला. तिची नात निलम हिंगोलीला नर्सिंग शिकत होती. घरात जमीन नव्हती, मुलगा आणि सून करोनात गेले होते, आणि निलमच्या फीचे हप्ते शेळ्यांच्या पायांनी चालत हिंगोलीला जात. शेळ्या गेल्या, की निलम परत येणार. रुख्मिणीबाई याबद्दल कोणाशी बोलली नाही. ती फक्त गोठ्यातली लेंडी अधिक वेळा झाडू लागली.

संध्येने या रोगामागे चार वर्षे घालवली होती. माव्याची वाळलेली खपली कोरड्या मातीत महिनोन्‌महिने टिकते, म्हणून तिचा पहिला संशय गोठ्यांवर होता. तिने गोठे उकरायला लावले, जुना कचरा जाळला, चुना पसरला. पुढच्या वर्षी रोग आला. मग तिचा संशय होळीवर गेला. तांड्याची होळी मोठी. लेकी-जावई, सोयरे येतात, कोणी येताना बोकड आणतो. २०२२ आणि २०२३ साली होळीनंतर साधारण दहा दिवसांनी पहिले पिलू पडले होते, तेव्हा संशयाला आधार होता. पण २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यामुळे २०२४ची होळी पुढे सरकून मार्चच्या शेवटी गेली. आणि रोग मात्र तिच्या जवळजवळ तीन आठवडे आधीच येऊन पोहोचला. पाहुण्यांच्या अगोदर पाहुण्यांचा रोग येत नाही. संध्येने होळीला निर्दोष सोडले.

राहिली ती तारखांची चाल. ती दरवर्षी अलीकडे येत होती, आणि ओढूनताणून न मोजताही हे सरकणे सुमारे अकरा दिवसांचे होते. हवामान असा शिस्तीचा पाढा म्हणत नाही. शेळ्यांचे वेतही म्हणत नाही. सूर्याचे वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचे, बारा चांद्रमासांचे तीनशे चोपन्न, वजाबाकी अकरा. हिंदू पंचांग हा फरक अधिक महिना घालून भरून काढते. न भरता तसाच पुढे जाऊ देणारे कॅलेंडर या भागात एकच चालते, मुसलमानांचे.

या निष्कर्षापाशी संध्या थांबली, कारण तो तिला आवडला नाही. ती बौद्ध घरातली. कोणत्या वस्तीवर कोणता आळ किती सहज चिकटतो, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शिवाय चार बिंदूंमधून रेघ ओढता येते, पण इतक्या थोड्या बिंदूंनी वाटेल त्या दोन गोष्टी जोडता येतात. म्हणून तिने अनुमान करायचे सोडले आणि भाकीत केले. भाकीत खोटे ठरू शकते, हा त्याचा गुण. २०२६च्या जानेवारीत तिने भावसिंगांना सांगून ठेवले, की या साली रोग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल.

भावसिंगांनी तिला खालून वर न्याहाळले. "तुमी डॉक्टर हाय का भगत?"

"आला नाही, तर मी चुकले असं समजा," संध्या म्हणाली.

"अन् आला तर?"

"तर तो कशाबरोबर येतो ते या वेळी मी बघणार आहे."

मावा अंगात शिरल्यावर दिसायला आठवडाभर घेतो. म्हणजे जे काही येणार, ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येणार. त्या आठवड्यात संध्या रोज तांड्यावर गेली. कधी जंताचे औषध पाजायला, कधी गाभण शेळ्या पाहायला. निमित्ते संपली तेव्हा ती निमित्ताशिवाय गेली.

आणि गुरुवारी सकाळी रुख्मिणीबाईच्या गोठ्यात तिला कान दिसले.

या कानांबद्दल थोडे सांगायला हवे. इतर रोगांच्या लसीकरणाच्या वेळी सरकार शेळीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकते. तांड्यावरच्या प्रत्येक मोठ्या शेळीच्या कानात तो होता. संध्येने स्वतः ठोकले होते. जवळा बाजारच्या ओढ्यापलीकडच्या मुसलमान वस्तीत मात्र तिला हार पत्करावी लागली होती. बकरी ईदला बोकड घेणारा आधी दात पाहतो, मग शिंगे आणि मग कान चाचपतो. कुर्बानीचे जनावर निर्दोष हवे. बारीक भोकाने काही बिघडत नाही असे जाणकार सांगत, पण गिऱ्हाईक जाणकारांचे ऐकत नाही, भाव पाडते. त्यामुळे वस्तीतल्या बायांनी बोकडच काय, पाठींच्या, म्हणजे तरण्या माद्यांच्याही कानाला हात लावू दिला नव्हता. लस घेतली, बिल्ला घेतला नाही.

रुख्मिणीबाईच्या पिवळ्या बिल्ल्यांच्या शेळ्यांमध्ये चार काळ्याभोर शेळ्या उभ्या होत्या. त्यांचे कान लांब, लोंबते आणि अखंड होते.

"या कुठल्या, मावशी?"

"बाजारातल्या," रुख्मिणीबाई वर न पाहता म्हणाली. ती पाल्याची पेंडी सोडत होती.

"बाजाराला अजून तीन दिवस आहेत."

"मंग मागल्या बाजारातल्या."

"काल मी इथेच उभी होते."

रुख्मिणीबाईने पेंडी सोडवली, झटकली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "तुमी शेळ्या तपासायला येऊन राहिल्या का माणसं?"

संध्येने हातमोजे चढवले, एका काळ्या शेळीचे तोंड धरले आणि ओठ उलटला. ओठाच्या कोपऱ्यात मसुरीएवढी, वाळलेली खपली होती. मोठ्या शेळीला तिचा काही त्रास नव्हता. ती शांतपणे रवंथ करत होती. संध्येने ती खपली रुख्मिणीबाईला दाखवली. मग तिचाच उजवा हात धरून अंगठ्यावरचा गोल वण दाखवला, जो मागच्या वर्षी आजारी पिलांना बोटाने दूध चाटवताना पडला होता. दोन्ही एकाच घरचे आहेत, असे ती म्हणाली.

म्हातारीने अंगठा मुठीत मिटून घेतला. त्या मिटल्या मुठीत नकार होता आणि भीतीही होती. नकार कोणाला तरी दिलेल्या शब्दापायी आणि भीती निलमपायी. संध्येला दोन्ही दिसले. तिने प्रश्न बदलला.

"कोणाच्या ते सांगू नका. कधी येतात, तेवढं सांगा."

"त्यांची शब्बरात झाली की."

"आणि जातात कधी?"

"मोजणी झाली की," रुख्मिणीबाई म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिने पदर तोंडावर धरला.

त्या दिवशी याहून अधिक कळले नाही, पण करायचे काम समोर होते. तांड्यावरच्या सात-आठ घरांत आदल्या संध्याकाळी अशाच दोन-दोन, चार-चार शेळ्या आल्या होत्या. बाकी सगळीकडे त्या अजून दाराशीच बांधलेल्या होत्या. संध्येने त्या सगळ्या नाल्यापलीकडच्या जुन्या खळ्यावर हलवायला सांगितल्या. रुख्मिणीबाईने विचारले, पाहुण्याला घराबाहेर ठेवायचे, ही कुठली रीत. संध्या म्हणाली, पाहुण्याला खुशाल जेवू घाला, फक्त लेकरांच्या ताटात जेवू घालू नका. हे म्हातारीला पटले. घरोघरी जाऊन सांगण्याचे काम मग तिनेच केले, आणि ज्यांनी कुरकुर केली त्यांना तिने आपला अंगठा दाखवला. दुपारपर्यंत पाहुण्या शेळ्या खळ्यावर होत्या. एकट्या रुख्मिणीबाईच्या गोठ्यात त्यांची एक रात्र पिलांबरोबर गेलेली होती.

संध्याकाळी रुख्मिणीबाई ओढ्यापलीकडे जाऊन आली, आणि सकाळी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. "तिला इचारलं," ती म्हणाली. "ती म्हनली, येऊ द्या बाईंना. माझ्यापायी तुझी नात शिकायची काहून थांबावी."

ती म्हणजे जैतूनबी. दोघींची ओळख जुनी होती आणि तिला भावनेइतकाच व्यवहाराचा पाया होता. जैतूनबीचा बोकड तांड्याच्या शेळ्यांना फळवायला येई. त्या बदल्यात तांड्याच्या रानातला पाला जाई. शब्बरातीनंतरच्या पाहुण्या शेळ्यांचे दूध आणि लेंडी ठेवणाऱ्याची, हा अलिखित करार. लॉकडाउनमध्ये वस्तीतल्या कमिटीने धान्याच्या पिशव्या वाटल्या, तेव्हा जैतूनबीने दोन पोरांना हाताशी धरून तांड्याच्या वाट्याच्या पिशव्या तिथे पोहोचवल्या होत्या आणि कोणाचेही नाव-गाव लिहून घेऊ दिले नव्हते. तेव्हापासून तिचा शब्द तांड्यावर मोडला जात नसे.

जैतूनबीचे घर पत्र्याचे, अंगण फरशीचे. अंगणात पाच शेळ्या होत्या. संध्येला तिने खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली आणि विचारण्याआधीच बोलू लागली. लपवायचे ठरवलेले माणूस एकदा सांगायला लागले, की क्रमाने सांगते.

पाच वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा वस्तीतल्या दानाचा निधी सांभाळणाऱ्या बैतुलमाल कमिटीने तिला दोन शेळ्या दिल्या. त्या जकातीच्या होत्या. ज्याच्याकडे गरजेपलीकडे ठरावीक शिल्लक वर्षभर राहते, त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा, ही जकात. आणि दिली म्हणजे घेणाऱ्याच्या मालकीची करून द्यायची, हा तिचा नियम. कमिटीला शेळीवर शिक्का मारता येत नाही, परत मागता येत नाही, व्याज तर नाहीच. जैतूनबीने शेळ्या वाढवल्या. दोनाच्या चार, चाराच्या सात. आता नऊ होत्या. शिवाय यादीत नाव असल्याने तिला महिन्याचे इन्सुलिन आणि रमजानचे धान्य मिळे. वस्तीत अशा तीस-पस्तीस बाया होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी पाच वर्षांपूर्वी धुणीभांडी सोडली ती पुन्हा धरली नव्हती. संध्येने मनात नोंद केली, की योजना चालते. ज्या योजना चालतात त्यांच्यातच असे रोग उगवतात. न चालणाऱ्या योजनेत लपवण्यासारखे काही तयारच होत नाही.

अडचण मोजणीची होती. रमजानच्या आधीच्या महिन्यात, शब्बरातीनंतर, कमिटीचे दोघे जण दारोदार येत आणि शेळ्या मोजत. पाचापर्यंत ठीक. पाचाच्या वर गेल्या, की नाव कट. इन्सुलिनही कट आणि धान्यही कट, एकाच दिवशी. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या एका बाईकडे सात निघाल्या. ती यादीतून गेली. सहा महिन्यांत दवाखान्यापायी तिने चार विकल्या.

"आता तिच्याकडे तीन हायत," जैतूनबी म्हणाली. "परत यादीत आली. कमिटीवाले म्हनले, बराबर, आता तुमी हकदार."

"आणि तेव्हापासून बाकीच्या बाया शेळ्या तांड्यावर नेतात."

"तेव्हा न्हाई, त्याच्या आधीपासून. ती भोळी होती, तिनं दाखवल्या." जैतूनबीने अंगणातल्या पाच शेळ्यांकडे हात केला. "बाई, मी बसले होते तवा कमिटीनं हात दिला. खोटं न्हाई बोलणार, बराबर दिला. मी उठून उभी राहिले, तर दोन्ही हात एकदम काढून घेतात. चालायला लागेपर्यंत धरायला भिंत तरी पाहिजे का न्हाई?"

संध्येने विचारले, की तिच्या पिलांना मावा होत नाही का. होतो की, ती म्हणाली. पण वस्तीत एकेका घरात दोन-तीनच पिले, बाटलीने दूध पाजता येते. आठवड्याभरात खपल्या पडतात. त्याला कोणी रोग म्हणत नाही. तांड्यावर मात्र तीस-चाळीस पिले एकत्र असतात आणि बाटल्या तितक्या नसतात, हे तिला आत्ता, बोलता बोलता उमगले. मग तिने विचारले, की रुख्मिणीची किती पिले गेली आजवर. संध्येने आकडा सांगितला नाही.

"पाचच का?" उठताना संध्येने विचारले.

"ते मास्तरांना ठाऊक."

मास्तर म्हणजे निसार अहमद, उर्दू शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले आणि कमिटीचे सचिव. त्यांच्याकडे जायचे की नाही, यावर संध्येने जवळा बाजारच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून विचार केला. गेले तर तीस बायांची लपवाछपवी उघडी पडणार; न गेले तर पुढच्या वर्षी रोग आणखी अकरा दिवस आधी येणार, तेही शेळ्या त्याआधीच विकल्या गेल्या नसल्या तर. तिसरा मार्ग तिला दिसला तो एवढाच: नावे घ्यायची नाहीत आणि प्रश्न सोडायचा नाही.

मास्तरांनी तिला अदबीने बसवले, चहा मागवला. ते सडपातळ, इस्त्रीचा सदरा घालणारे गृहस्थ होते आणि प्रश्नाचे उत्तर देण्याआधी प्रश्न पूर्ण ऐकून घेण्याची सवय त्यांना होती. पाचाचे कारण त्यांनी न अडखळता सांगितले. गरजेपलीकडे ज्याच्याकडे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीची मालमत्ता आहे, त्याला जकात घेता येत नाही. हा नियम त्यांचा नव्हे, धर्माचा. आता प्रत्येक विधवेला तिच्या पेटीत काय आहे हे विचारणे त्यांना असभ्य वाटले. म्हणून त्यांनी साडेबावन्न तोळ्यांची किंमत काढली, तिला एका शेळीच्या किमतीने भागले आणि भागाकार आला पाच. दारातल्या शेळ्या मोजायच्या, आत डोकवायचे नाही. कोणाची अब्रू जात नाही, आणि शेळीला खोटे बोलता येत नाही.

"कल्पना चांगली आहे," संध्या म्हणाली, आणि तिला ती खरोखरच चांगली वाटली होती. "हा भागाकार कधी केला?"

"कमिटी सुरू झाली तेव्हा. पाच वर्षं झाली."

"चांदीचा भाव तेव्हाचा?"

"अर्थात तेव्हाचा."

"आजचा भाव काय आहे, सर?"

मास्तरांना तो पाठ होता. असणारच, गावातले दुकानदार, डॉक्टर, शिक्षक आपली जकात किती निघते हे दर रमजानला त्यांच्याकडूनच काढून घेत, आणि ते आदल्या दिवशीच्या भावानेच काढून देत. ते भाव सांगू लागले आणि आकड्याच्या मध्येच थांबले. चहाचा कप त्यांनी बशीत ठेवला. चांदी पाच वर्षांत तिपटीच्या वर गेली होती. शेळी महागली होती, पण इतकी नाही.

त्यांनी कागद घेतला नाही. तोंडीच भागाकार केला आणि उत्तर मोठ्याने सांगितले, जसे वर्गात सांगत असतील. "तेरा."

"वस्तीत तेरा शेळ्या कोणाकडे आहेत?"

"कोणाकडेच नाहीत," मास्तर म्हणाले. मग, संध्येला उद्देशून नव्हे: "देणाऱ्यांचा हिशेब मी दरवर्षी नव्या भावाने करतो. घेणाऱ्यांचा एकदाच केला."

चूक कशी झाली, हे संध्येला तिथल्या तिथे कळले. असल्या चुका तिने प्रयोगशाळेत पाहिल्या होत्या. किंमत रुपयांत राहिली असती, तर ती जुनी झालेली दिसली असती. रुपये शिळे झाले की डोळ्याला बोचतात. ती शेळ्यांत बदलली आणि पाच हा आकडा नियम होऊन बसला. पाच शेळ्या पाच वर्षांनीही पाचच दिसतात.

मास्तरांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. त्यांनी विचारले, की हे सगळे पशुवैद्यकाला कशासाठी हवे आहे, आणि शेळ्या लपवल्या जात आहेत का, आणि कोण लपवते. तिने पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले, दुसऱ्याचे होकारार्थी, तिसऱ्याचे दिले नाही.

"अमानतीत लपवाछपवी हा गुनाह आहे, मॅडम."

"असेल. त्याचा निवाडा माझ्याकडे नाही. मी पिलांच्या तोंडाला आलेल्या खपल्यांचं मूळ शोधत तुमच्या दारापर्यंत आले. त्यांनी पाचावरच्या लपवल्या, पण मुभा तेराची होती. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच, हे त्यांना कोणी सांगितलं नाही."

मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मोजणी थांबवली. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर त्यांनी उभे राहून सांगितले, की यापुढे दर वर्षी मोजणीच्या आधी चांदीचा त्या दिवसाचा भाव घेतला जाईल आणि मर्यादा नव्याने काढली जाईल; यंदा ती तेरा आहे; आधीचे गणित चुकीचे होते आणि गणित त्यांचे होते. कमिटीतल्या एकाने कुरकुर केली, की लोकांना इतके सांगायची काय गरज. मास्तर म्हणाले, तीस वर्षे मुलांना उत्तर खोडून पुन्हा लिहायला लावले, आता स्वतः लिहितो.

तेरावरही सगळी मदत एकदम तुटण्याचा तोच कडा आहे, हे संध्येने त्यांना निघतानाच सांगितले होते. मर्यादा वर सरकली म्हणजे कडा दूर गेला, नाहीसा झाला नाही. चौदाव्या शेळीपाशी उद्या पुन्हा कोणीतरी तांड्याची वाट धरील. मास्तरांनी त्यावरही विचार केला. जो यादीतून बाहेर जाईल, त्याच्या औषधाचा खर्च पुढचे वर्षभर जकातीतून नाही, पण कमिटीच्या दुसऱ्या पेटीतून, ऐच्छिक दानाच्या, चालू राहावा. आणि त्याला शेड बांधायला बिनव्याजी उसनवार मिळावी, असे कमिटीत ठरले. एका बैठकीत ठरले नाही. तीन बैठका लागल्या आणि मास्तर तिन्हींत तोच मुद्दा घेऊन बसले.

जैतूनबी स्वतःच्या चार शेळ्या न्यायला दिवसाढवळ्या तांड्यावर आली. येताना वस्तीतल्या घराघरांतून मागून आणलेल्या दूध पाजायच्या बाटल्या तिच्या पिशवीत होत्या. त्या रुख्मिणीबाईपुढे ठेवून ती म्हणाली, "तेरा होऊ दे माझ्या. मग यादीतनं मीच नाव काढून टाकीन. मास्तर माझ्या दारी जकात मागायला येतील, तवा बघ कशी खुर्ची देते त्यांना."

"मला बी बोलव," रुख्मिणीबाई म्हणाली. "मी चहा ठेवते."

मावा आला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सांगितल्याप्रमाणे. तो फक्त रुख्मिणीबाईच्या गोठ्यात आला, जिथे पाहुण्या शेळ्यांची एक रात्र पिलांबरोबर गेली होती, आणि तिथेही तो दोन पिलांना झाला. बाकीच्या घरांत, जिथे शेळ्या दारातूनच खळ्यावर गेल्या होत्या, एकाही ओठावर पुरळ उठले नाही. दोन्ही पिलांना रुख्मिणीबाईने हातमोजे घालून बाटलीने पाजले, लाल औषधाने तोंडे धुतली, आणि ती जगली. संध्येच्या दृष्टीने हे दुर्दैव नव्हते. सगळीकडेच रोग टळला असता, तर तो कशामुळे टळला हे सांगता आले नसते.

होळीला भावसिंगांनी तिला मुद्दाम बोलावले. तांडा गोल करून बसला होता. मागच्या वर्षी याच जागी शेळ्या विकायचे ठरले होते. निलम सुट्टीला आली होती आणि आजीच्या अंगठ्यावरचा वण नर्सच्या नजरेने तपासत होती. विकण्याची गोष्ट कोणी काढली नाही, पण ती मिटलीही नव्हती. नायकाला कारण हवे होते. देवी कोपली असे म्हणावे तर डॉक्टरीण बाई ऐकणार नाही, आणि रोग आपोआप गेला असे म्हणावे तर पुढच्या वर्षी तो आपोआप येईल.

"मंग आमी कारण काय धरावं?" भावसिंगांनी विचारले. "सरळ सांगा. जंतूबिंतू नका सांगू."

संध्या उभी राहिली. तिने आधी हे बजावले, की एका वर्षाने काहीच सिद्ध होत नाही आणि पुढच्या साली, जानेवारीच्या अखेरीपासूनच, ती पुन्हा रोज येणार आहे. मग सांगितले.

पिले मेली ती भुकेने. भूक आली तोंडाच्या खपल्यांनी. खपल्या आल्या पाहुण्या शेळ्यांच्या ओठांवरून. शेळ्या आल्या मोजणीच्या भीतीने, आणि मोजणी चंद्राच्या महिन्याने सरके म्हणून रोगही सरकला. भीती होती पाच या आकड्याची. तो आकडा पाच वर्षांपूर्वीच्या चांदीच्या भावातून निघाला होता, आणि त्यानंतर चांदीचा भाव कोणी पुन्हा विचारला नव्हता.